मिशेल ओबामाच्या कपड्यांचे पैसे नक्की कोण भरायचं? (घरात पैज लागलीये)

शेवंती_नाशिक

नमस्कार मंडळी, विषय थोडा फालतू वाटेल पण घरात वाद झालाय म्हणून विचारतेय. परवा जेवताना कुणाच्या तरी लग्नातल्या साड्यांवरून बोलणं निघालं आणि गाडी कशी कोण जाणे मिशेल ओबामावर गेली, तर आमचे धाकटे भावजी म्हणाले वहिनी, ती बाई आठ वर्षं जे काय मिरवली ते सगळं तिकडच्या लोकांच्या टॅक्समधून. मी म्हटलं असं नसणार, अमेरिकेत लोक एकेका डॉलरचा हिशोब मागतात. झालं, पैज लागली. हरेल त्यानं रविवारी अख्ख्या घराला मिसळ खिलवायची, आणि आम्ही नऊ जण आहोत!

मला स्वतःला आठवतं ते एवढंच की मनमोहन सिंग तिकडे गेले होते तेव्हा तिनं सोनेरी गाऊन घातला होता आणि इकडे मुंबईला आली तेव्हा शाळेतल्या पोरांबरोबर नाचली होती. मग कोणी सांगेल का, पैसे कोण भरायचं? आणि हे असे कपडे कोणी ठरवून देतं की कपाट उघडून मनाला येईल ते?

माई_न्यूजर्सी

शेवंती, मिसळ तुला मिळणार गं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या बायकोला पगार नाही आणि कपड्यांसाठी वेगळा भत्ता पण नाही, स्वतःचे कपडे स्वतःच्या पैशानं घ्यायचे. एकच भानगड आहे ती म्हणजे शपथविधीचा बॉल (म्हणजे नाचगाण्याचा समारंभ), परदेशी पाहुण्यांचं जेवण असल्या मोठ्या प्रसंगांना एखादा डिझायनर गाऊन भेट देतो, तो अमेरिकन सरकारच्या वतीनं स्वीकारतात आणि नंतर तो नॅशनल अर्काइव्ह्जकडे, म्हणजे सरकारी दप्तरखान्याकडे जातो, बाईच्या घरच्या कपाटात नाही. म्हणजे फुकट मिळाला पण आपला नाही. आपल्याकडे लग्नात हौसेनं मावशीचा चपलाहार घालायचा आणि दुसऱ्या दिवशी परत करायचा तसंच काहीसं.

२००९ च्या बॉलला घातलेला तो पांढरा एका खांद्याचा गाऊन तर वॉशिंग्टनला स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे, मी बघितलाय, काचेमागे. तो जेसन वू नावाच्या मूळच्या तैवानच्या मुलानं केलेला, तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता आणि ती आपलाच गाऊन घालणार हे त्याला टीव्हीवर बघून कळलं. असा गाऊन म्युझियमला द्यायची पद्धत १९१२ पासूनची आहे, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकोनं, हेलन टाफ्टनं आपला दिला तेव्हापासून.

भावजींच्या डोक्यात बहुतेक दुसरंच काहीतरी असेल. राष्ट्राध्यक्ष रेगनच्या बायकोवर, नॅन्सीवर ८० च्या दशकात बरीच टीका झाली होती, डिझायनरांकडून उसने कपडे आणायची म्हणून. आणि २००८ च्या निवडणुकीत उपराष्ट्राध्यक्षपदाला उभी असलेल्या सेरा पेलिनच्या कपड्यांवर पक्षाचे दीड लाख डॉलर गेल्याची बातमी फुटली होती. ते प्रकरण गरम असतानाच मिशेल जे लेनोच्या टीव्ही शोमध्ये गेली आणि तिला तिच्या कपड्यांबद्दल विचारल्यावर ती सरळ म्हणाली की हे जे. क्रूचं आहे. म्हणजे मॉलमध्ये आणि ऑनलाइन मिळणारा ब्रँड, आमच्यासारख्या बायका सेलमध्ये घेतात तो. पिवळं कार्डिगन होतं. मी तेव्हा ऑफिसमध्ये नवीन होते, दुसऱ्या दिवशी लंचला सगळ्याजणी तेच बोलत होत्या.

जरदोजीवाला

सोनेरी गाऊनचं मी सांगतो, आमचा धंदाच तो आहे (भायखळ्याला छोटं वर्कशॉप, दोन अड्डे म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटी, सात कारागीर). २४ नोव्हेंबर २००९, मनमोहन सिंगांसाठीचं जेवण, ओबामाचं पहिलंच स्टेट डिनर. गाऊन नईम खानचा. आणि नईम खान कुठला, तर आपल्या मुंबईचा! इथेच वाढला, घरचा धंदा कापड आणि भरतकामाचा, मग अमेरिकेत जाऊन हॉल्स्टनच्या हाताखाली शिकला. हॉल्स्टन म्हणजे ज्यानं १९६१ च्या शपथविधीला जॅकी केनेडीची ती डबीसारखी टोपी केली होती तो. म्हणजे बघा, जॅकीची टोपी करणाऱ्याच्या शागिर्दानं मिशेलचा गाऊन केला आणि तो शागीर्द मुंबईकर.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय, चमकीचा ड्रेस. पण चमकी दोन प्रकारची असते. एक मशीनवर मीटरच्या हिशोबानं येते आणि दुसरी हातानं एकेक टिकली लावलेली, कापड लाकडी अड्ड्यावर ताणून बसवायचं, दोन्ही बाजूंनी चारपाच जण मांडी घालून बसणार, एक हात वर सुईला आणि एक हात खाली धाग्याला. कापड थोडं जरी सैल ताणलं तर अड्ड्यावरून उतरवल्यावर सगळी नक्षी आक्रसते, मग उसवा आणि परत करा. शिवाय असा पूर्ण भरलेला गाऊन वजनदार होतो आणि तिचा तर बिनपट्ट्यांचा होता, म्हणजे सगळा भार अंगाच्या मापावर. तो घालून सरळ ताठ उभं राहायचं, शंभर लोकांशी हात मिळवायचे आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आमच्याकडे नवऱ्या मुली तासाभरात रडकुंडीला येतात.

साडी नेसली नाही हे मला जास्त आवडलं. पाहुण्यानं आपला वेष केला की फोटोपुरतं बरं दिसतं पण थोडं गॅदरिंगसारखं होतं. त्याच रात्री एक जोडपं निमंत्रण नसताना घुसलं होतं, त्यातली बाई चांगली लाल भारतीय पोशाखात आली होती, खुशाल ओबामाशी हात मिळवून गेली 😄

खडूस_काका

सगळं ठीक आहे पण मला एक कळत नाही, प्रिन्स्टन आणि हार्वर्डला शिकलेली वकील बाई आणि आपण तिच्या टिकल्या मोजतोय. तिनं शाळेतल्या जेवणावर काम केलं, मुलांच्या लठ्ठपणावर केलं, व्हाइट हाउसच्या अंगणात भाजी लावली, त्यावर कोणी धागा काढला का. आणि हे जे "भारतासाठी भारतीय डिझायनर" वगैरे चाललंय तेही जरा तपासा. जानेवारी २०११ ला चीनचे हू जिंताओ आले तेव्हा बाईंनी लाल गाऊन घातला, लाल रंग चीनसाठी हे बरोबर, पण गाऊन कोणाचा तर अलेक्झांडर मॅक्वीनचा, ब्रिटिश कंपनी! ऑस्कर दे ला रेंटासारखा म्हातारा डिझायनर जाहीरपणे नाराज झाला होता की अशा वेळी अमेरिकन माल का नाही. मग कसली मुत्सद्देगिरी, आवडला म्हणून घातला.

माई_न्यूजर्सी

काका, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. आवडला म्हणून घातला असेलच, बाईमाणूस आहे, हौस असणारच आणि असावी. पण तो नाराज झाला याच्यातच सगळं आलं ना, एका गाऊनवरून एवढं का वाटावं? कारण धंदा असतो हो. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे डेव्हिड यर्मॅक म्हणून फायनान्सचे प्रोफेसर आहेत, त्यांनी २०१० मध्ये हिशोब मांडला होता, मिशेलचे १८९ सार्वजनिक कार्यक्रम धरून २९ कंपन्यांच्या शेअरचं काय झालं ते, तर साधारण २७० कोटी डॉलरनं किंमत वाढली असं निघालं. तिला त्यातला एक पैसा मिळत नव्हता. आपल्याकडे सिरियलमधल्या सुनेचं मंगळसूत्र महिन्याभरात दादरला फुटपाथवर येतं, तेच हे.

आणि शेवंती तुझा दुसरा प्रश्न राहिलाच. मनाला येईल ते नाही गं, माणसं असतात त्याला. सुरुवातीला शिकागोच्या इक्रम गोल्डमन बघायच्या, त्यांचं तिथे कपड्यांचं दुकान आहे, नंतर मेरेडिथ कूप. नावं निवडताना बघ, तैवानचा वू, मुंबईचा खान, आणि जानेवारी २०१५ ला दिल्लीत विमानातून उतरली तो फुलाफुलांचा ड्रेस बिभू महापात्रचा, तो मूळचा ओडिशातल्या राउरकेलाचा. बाहेरून येऊन न्यूयॉर्कला धंदा उभा केलेली माणसं. एकदा झालं तर योगायोग म्हणेन, इतक्या वेळा नाही. दिल्लीहून निघून ते तसेच सौदीला रियाधला गेले, तिथे तिनं डोकं झाकलं नाही म्हणून परत वेगळाच गदारोळ.

जरदोजीवाला

माई, तो २०१५ चा दौरा म्हणजे गंमतच. सगळे मिशेल काय घालते बघायला बसले होते आणि बाजी मारली कोणी, मोदींच्या सुटानं! उभ्या रेघा आणि रेघांमध्ये स्वतःचं नाव विणलेलं. पुढच्याच महिन्यात सुरतेत लिलाव झाला, ४ कोटी ३१ लाखाला गेला. आमच्या वर्कशॉपमधले कारागीर आठवडाभर तेच बोलत होते, नाव विणायचे किती घेतले असतील म्हणून.

खडूस_काका

हां, हे मात्र खरं. पुरुषांच्या कपड्यांवर चर्चा व्हायला एवढं काहीतरी करावं लागतं. ओबामा फक्त निळे नाहीतर राखाडी सूट घालायचा, कारण म्हणे डोक्याला तेवढाच एक निर्णय कमी. ऑगस्ट २०१४ ला एकदा बदामी रंगाचा घातला तर टीव्हीवाले वेडे झाले. पण ते एकदाच. बायकोचं रोज.

माई_न्यूजर्सी

हेच तर ती बोलली होती ना नंतर! २०१७ मध्ये एका कार्यक्रमात म्हणाली की लोक माझे बूट, बांगड्या, गळ्यातलं सगळ्याचे फोटो काढायचे पण हा माणूस आठ वर्षं तोच टक्सिडो (समारंभाचा काळा सूट) आणि तेच बूट घालत होता, त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. आणि तिनं २००९ ला ग्रँड कॅन्यनला जाताना विमानातून साधी शॉर्ट घालून उतरायची हिंमत केली तर केवढा गहजब, ऑगस्टमधला अ‍ॅरिझोना आहे तो, लोकर घालणार का?

शेवंती_नाशिक

सगळ्यांचे खूप खूप आभार! अख्खा धागा काल रात्री भावजींना मोठ्यानं वाचून दाखवला. स्टेट डिनरचे गाऊन फुकट मिळायचे ना मग मी अर्धा जिंकलो, असं त्यांचं म्हणणं होतं पण सासूबाईंनी निकाल दिला की परत करायच्या वस्तूला मिळाली म्हणत नाहीत. तेव्हा मिसळ पक्की, पाव एक्स्ट्रा.

फक्त त्यांनी आता नवीन खुसपट काढलंय की तो आठ वर्षांचा टक्सिडो ड्रायक्लीनला कोणाच्या पैशानं जायचा. माई, बघता का जरा?