मदत हवी आहे: प्लायवूड आयातीचा ग्राफ येडा आलाय, परवा दाखवायचाय

जालन्याचा_पोरगा: दोन देशांची प्लायवूड आयात व्हॉल्यूममध्ये कम्पेअर करायलोय, १९९० पासून. कॉमट्रेडवरून (यूएनचा व्यापाराचा डाटाबेस) प्लायवूडच्या कोड ४४१२ चा डाटा काढला, एक्सेलमध्ये टाकला तर एकाची रेघ आभाळात अन् दुसऱ्याची जमिनीला चिकटलेली. दोनदा परत काढला तरी तेच. लवकर सांगा, लेक्चर नको.

उदगीरकर: देश कोणते ते तर सांगा की राव.

लातूर_टिंबर: आमचं दुकान २२ वर्षांचं आहे. आधी नेपाळचा माल स्वस्तात यायचा, २०२५ पासून आयएसआय मार्क कंपल्सरी झाला, आता बाहेरच्या मालाला आधी शिक्का बघावा लागतो. इथलाच हरियाणातल्या यमुनानगरचा घ्या, टेन्शन नाही.

जालन्याचा_पोरगा: भारत अन् जपान. काका, मला प्लाय घ्यायचा नाही.

औंढ्याचा_मास्तर: कॉलम कोणता घेतला? तिथं नेट वेट किलोत असतं, क्वांटिटी घनमीटरमध्ये. एकाचं हे अन् दुसऱ्याचं ते उचललं असंल तर सहाशे-सातशे पट फरक येणारच, एक घनमीटर प्लाय साधारण तेवढे किलो भरतो.

लातूर_टिंबर: बरोबर. ८ बाय ४ ची १८ एमएमची जवळपास १९ शीटं म्हणजे एक घनमीटर. हमालाला विचारा वजन.

परभणी_कॉमर्स: कशाला झंझट, सरळ डॉलरमध्ये घ्या. मी एमकॉमच्या प्रोजेक्टला तेच केलतं.

औंढ्याचा_मास्तर: २०२१ ला लाकडाचे भाव अन् कंटेनरचं भाडं किती वाढलं माहितीय ना, माल तेवढाच राहिला तरी तुमची रेघ वर जाती. विचारलंय व्हॉल्यूमचं.

परभणी_कॉमर्स: मार्क चांगले पडले होते.

बीडची_ताई: किचन ट्रॉलीला ७१० नंबरचा वॉटरप्रूफ प्लाय लावू का ३०३ चा साधा?

उदगीरकर: ताई, नळाला आठ दिवसाला पाणी येतंय, वॉटरप्रूफ कशाला 😀 बरं पोरा, भारताचा डाटा आपल्या वाणिज्य मंत्रालयाचा तर नाही ना जोडला? तो एप्रिल ते मार्च असतो, जपानचा जानेवारी ते डिसेंबर.

जालन्याचा_पोरगा: जोडला होता, मधली काही वर्षं 🤦 अन् भारताचं किलोच निघालं. आता भारताची रेघ पार खाली गेली, जपान वर. आपण एवढं कमी आणतो? अन् ४४१२ मधला ब्लॉकबोर्डचा ४४१२९४ तर २०२१ नंतर गायबच आहे.

औंढ्याचा_मास्तर: २०२२ ला एचएस कोड (मालाचे जागतिक कस्टम नंबर) बदलले, ब्लॉकबोर्ड ४४१२५१, ५२ अन् ५९ मध्ये गेला. पूर्ण ४४१२ घे. नाहीतर एफएओस्टॅट (यूएनच्या अन्न-शेती संघटनेचा डाटा) बघ, १९६१ पासून घनमीटरमध्येच आहे. अन् आपण तयार प्लाय कमी आणतो, ओंडके अन् व्हिनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) आणून इथं चिकटवतो. ४४०३ (ओंडके) अन् ४४०८ (व्हिनियर) शेजारी ठेवल्याशिवाय भारत गरीबच दिसणार. जपानचं उलटं, इंडोनेशियानं १९८५ ला ओंडके विकणं बंद केलं, मग जपान तिथून तयार प्लाय घ्यायला लागला, नंतर स्वतःच्या सुगी झाडाचा (जपानी देवदार) प्लाय करायला लागला तशी आयात उतरली.

लातूर_टिंबर: म्यानमारनं २०१४ ला ओंडके बंद केले तेव्हा गर्जन लाकडाच्या फेसचे (प्लायच्या वरच्या थराचे) असे भाव वाढले की काय सांगू, मिस्त्री लोक दुकानात येऊन भांडायचे.

जालन्याचा_पोरगा: मास्तर, ४४०३ मध्ये सागवान पण येतंय, ते सगळं प्लायला थोडीच जातं. ते कसं वेगळं काढू?

बीडची_ताई: म्हणजे ३०३ घेऊ ना?