बहीण दहावीत आहे, एक वर्षाच्या यूथ एक्सचेंजला जायचं म्हणतीय, घरी नाना नाही म्हणतात

पूर्वभागचा_दादा

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचाच, अशोक चौकाकडचा. धाकटी बहीण यंदा दहावीला आहे, १५ पूर्ण झाली. तिच्या शाळेत रोटरी क्लबवाले येऊन यूथ एक्सचेंजची माहिती देऊन गेले, म्हणजे एक वर्ष परदेशात तिथल्याच एका फॅमिलीत राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. तिला जर्मनी पाहिजे. यूट्यूब बघून आकडे आणि वार शिकली पण.

नानांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, माणूस मनाचा लई चांगला पण ह्या विषयावर एकच वाक्य, "कोण कुठले लोक, त्यांच्या घरात वर्षभर पोरगी ठेवायची?" आई काही बोलत नाही, फक्त खाईल काय एवढंच विचारते. तिसरं म्हणजे वर्ष वाया जातं का, आणि खर्च किती. मला कॉलेजात असताना बाहेर जायची एक संधी आली होती, मी घरी विचारलंसुद्धा नाही, आपणच ठरवून टाकलं की जमणार नाही. तिचं तसं व्हायला नको म्हणून इथं लिहितोय. कोणी गेलं असेल, कोणाची मुलं गेली असतील तर खरं खरं सांगा.

कडक_भाकरी

दादा मी गेले होते, विजापूर रोडची आहे, दहावीनंतर जर्मनीला, अकरा महिने. आधी नानांच्या प्रश्नाचं सांगते कारण माझ्या बाबांचा पण तोच होता. रोटरीत तुम्हाला एकाच घरात वर्षभर ठेवत नाहीत, मला तीन फॅमिली होत्या. त्या लोकांची आधी चौकशी झालेली असते, आणि तुमच्यासाठी एक काउन्सेलर नेमलेला असतो जो त्या घरातला नसतो, म्हणजे घराबद्दलच काही सांगायचं असेल तर सांगायला वेगळं माणूस. मला हे लागलं. दुसऱ्या घरी माझं जुळलं नाही, वाईट लोक नव्हते पण घरात कोणी कोणाशी बोलायचं नाही आणि मला तिथं गुदमरायचं. मी काउन्सेलरला सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, तिसरं घर पंधरा दिवस लवकर मिळालं. बहिणीला एवढं पक्कं शिकवून पाठवा की त्रास होत असेल तर बोलायचं, उपकाराखाली दबून गप्प बसायचं नाही.

आता आईंच्या प्रश्नाचं. तिकडं संध्याकाळचं जेवण बऱ्याच घरात गार असतं, ब्रेड, चीज, काकडी, झालं. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं अजून जेवायचं आहे आणि हे लोक उठले कसे. शाकाहारी असाल तर फॉर्ममध्येच स्पष्ट लिहा, तिकडं आता शाकाहारी पुष्कळ आहेत, अडत नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, दोन्ही टिकतात. तूप, पेढे वगैरे नेऊ नका, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. माझ्या पहिल्या होस्ट आईला कडक भाकरी इतकी आवडली की ती चीज लावून खायची, मला आधी कसंतरीच वाटलं, मग मीपण तशीच खायला लागले.

खरी अडचण जेवणाची नाही, डिसेंबरची आहे. दुपारी साडेचारला अंधार. आपण सोलापूरची माणसं, ऊन म्हणजे शत्रू असं समजून वाढलेलो, तिथं मी उन्हासाठी रडले. त्यात भाषा अर्धीच कळते, वर्गात सगळे हसतात आणि आपल्याला कशाला हसले ते कळत नाही. तेव्हा घरी रोज फोन करावासा वाटतो आणि तेच करू नये. आम्हाला आठवड्यातून एकदाच करा म्हणून सांगितलं होतं, मी पहिले दोन महिने ऐकलं नाही आणि त्या दोन महिन्यात माझं जर्मन अजिबात पुढं सरकलं नाही, नंतर फोन कमी केल्यावर सरकलं. घड्याळाचं पण लक्षात ठेवा, हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागं असतात, उन्हाळ्यात साडेतीन.

वर्षाचं म्हणाल तर हो, माझं एक वर्ष मागं पडलं. मी येऊन अकरावीला प्रवेश घेतला तेव्हा मैत्रिणी बारावीत होत्या. दोन महिने वाईट वाटलं. हे आधीच घरात बोलून घ्या, नंतर कोणी कोणाला दोष द्यायला नको. आणि जर्मन आत्तापासून लावा, निवड जवळजवळ वर्षभर आधी होते.

होटगीरोडच्या_काकू

दादा, तुम्ही सगळे पाठवायचंच बोलताय, मी दुसऱ्या बाजूनं सांगते. आमच्याकडे ब्राझीलची मुलगी चार महिने होती. माझे मिस्टर क्लबमध्ये आहेत म्हणून आमच्याकडे आली, पण होस्ट व्हायला क्लबचं मेंबर असावंच लागतं असं नाही.

ती आली त्या रात्री मला झोप नाही लागली. कोणाची तरी लेक आपल्या घरात झोपलीय आणि तिची आई एवढ्या लांब जागी असेल असं सारखं वाटत होतं. नानांना हे सांगा. ते ज्याला कोण कुठले लोक म्हणतात ना, ते लोक पण असेच जागे असतात.

जबाबदारी काय असते ते पण ऐका. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासात त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, व्हिसा सहा महिन्यांच्या वरचा असेल तर १४ दिवसात नोंदणी वेगळी. घरातले नियम तिला पहिल्याच दिवशी बसवून सांगायचे, न्हाणीघरात पाणी किती, रात्री किती वाजता यायचं. आमच्याकडे तेव्हा नळाला चार दिवसाआड पाणी, तिला बादली आणि तांब्या दाखवला, पोरीनं एक शब्द काढला नाही. गाडी चालवणं, दारू, ड्रग्ज आणि प्रेमप्रकरण ह्या चारही गोष्टींना रोटरीत सक्त मनाई आहे, मोडलं तर घरी परत पाठवतात. बापाच्या जिवाला ह्यानं बराच आधार मिळतो.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या लग्नसोहळ्याला, घेऊन गेलो. सातही नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, हर्र बोला हर्रचा गजर, आणि ती माझा हात धरून उभी. घरी आल्यावर तिनं विचारलं की त्या लग्नातली नवरी कोण होती, मग मी सिद्धरामेश्वरांची आणि कुंभारकन्येची गोष्ट सांगायला बसले आणि मला जाणवलं की मी ही गोष्ट माझ्या स्वतःच्या मुलांना कधी नीट सांगितलीच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच, पाठवायचं का नाही हे ठरवायच्या आधी एखादी मुलगी आठ पंधरा दिवस घरी ठेवून बघा. क्लबला विचारा, होस्ट त्यांना हवेच असतात.

खाकी_सोलापूर

एक वर्ष जमत नसेल तर अजून रस्ते आहेत. एनसीसीचं यूथ एक्सचेंज असतं, थोड्या दिवसांचं, त्यासाठी बटालियनच्या कॅम्पपासून निवड होत होत दिल्लीच्या आरडीसीपर्यंत, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या कॅम्पपर्यंत, जावं लागतं. मी आरडीसी केलं पण एक्सचेंजला नंबर लागला नाही. तरी तिथं बाहेरच्या देशांचे कॅडेट भेटले, त्यांच्याशी बॅज बदलले, ते अजून जपून ठेवलेत. कॉलेजला गेल्यावर बहिणीला एनसीसी घ्यायला सांगा.

निवृत्त_मास्तर

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. रोटरीच्या मोठ्या एक्सचेंजमध्ये राहणं, जेवण, शाळा तिकडचे लोक बघतात, थोडा पॉकेटमनीही मिळतो. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा, कपडे हे आपलं. ती रक्कम लहान नसते, म्हणून क्लबकडून कागदावर लिहून घ्या. एएफएस म्हणूनही एक जुनी संस्था आहे, त्यांची शाळकरी मुलांची देवाणघेवाण १९४७ पासून चालू आहे, तीही बघा. अमेरिकेच्या सरकारचा यस नावाचा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला, त्यात निवड झाली तर तिकिटासकट सगळं ते देतात, चालू वर्षाचे फॉर्म निघालेत का ते त्यांच्या साइटवर पाहा. मधल्या एजंटला मात्र एक पैसा देऊ नका. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी असे पैसे भरले आणि हाती काही आलं नाही.

पासपोर्टचं आजच सुरू करा. १८ वर्षांखालच्या मुलांना आईवडील दोघांच्या सहीचं अनेक्श्चर डी, म्हणजे संमतीचं पत्र, लागतं, म्हणजे नाना राजी झाल्याशिवाय गाडी हलणं अवघड. १५ ते १८ मध्ये दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच मागा.

आणि जमलं तर नानांना एखाद्या रविवारी भय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकात घेऊन जा. ह्याच गावात १९१० साली जन्मलेला मुलगा, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, भाषा शिकला, तिथलाच झाला, ३२ व्या वर्षी तिथंच वारला. तेव्हा ना फोन ना काउन्सेलर. आजही चीनमधली माणसं त्या घराच्या पाया पडायला सोलापुरात येतात. आपल्या गावाला हे नवीन नाही, एवढं नानांना कळू द्या.

पूर्वभागचा_दादा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर सगळे रिप्लाय नानांना मोठ्यानं वाचून दाखवले, आईसाठी मधे मधे तेलुगूत सांगत गेलो. काकूंचं ते झोप न लागल्याचं वाचलं तेव्हा नाना उठून बाहेर गेले, मला वाटलं चिडले. दहा मिनिटांनी आत आले आणि काही न बोलता झोपले.

आज सकाळी कारखान्यात माग चालू असताना जवळ येऊन कानात ओरडून विचारलं, "ती पोरगी आपल्याकडं आली तर झोपायची कुठं?"

काकू, क्लबमध्ये कोणाला भेटायचं ते मेसेज करा. माळ्यावरच्या खोलीतल्या सुताच्या गोण्या आत्ताच खाली आणतोय.