जार पडायची वाट कशाला बघायची?

विट्याच्या दादांनी विचारलंय, गाय व्यायल्यावर जार (वासरामागून पडणारी वार) पडायच्या आधी वासराला चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, पाजला तर चालतो का. चालतो काय, पाजायलाच पाहिजे! आपल्या खानापूर-आटपाडी भागात अजूनही काही घरांत जार पडेपर्यंत कासेला हात लावू देत नाहीत. त्यात आठ-दहा तास सहज जातात. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती येते चिकातून. आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता तासातासाला कमी होत जाते, 24 तासांनी जवळपास संपतेच.

चिकाचा हिशोब वासराच्या वजनाच्या दहा टक्क्यांचा. 35 किलोच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या) कालवडीला पहिल्या दिवसात साडेतीन लिटर, त्यातला निदान निम्मा पहिल्या दोन तासांत. खरवसाची हौस उरलेल्यावर भागवा, पहिली धार वासराचीच.

बाटलीनं पाजताना निपलचं भोक कापून मोठं करू नका. लवकर उरकतं म्हणून बरेच जण करतात, पण वासराला चोखायला वेळच मिळत नाही, ठसका लागून दूध फुफ्फुसात जातं. मान किंचितच वर, आणि वासरू उभं असलेलं बरं.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं विसरू नका. दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर (लहान वासरांचं खुराक-खाद्य) मूठभर आणि स्वच्छ पाणी पुढ्यात ठेवा. जादा चीक निघाला तर बाटल्या भरून फ्रीझरमध्ये टाका. पाजताना कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवा, गॅसवर ठेवलात तर चीक फाटेल.