प्रति: जपायला आहे काय?

समलिंगी लोकांच्या इतिहासाबद्दल 'आपल्याकडे असा इतिहासच नाही, मग जपायचं काय?' हे वाचून राहवलं नाही. 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी लोकांचं नियतकालिक १९९० साली निघालं. त्याचे जुने अंक आज कुणाकडे आहेत? न्यूयॉर्कचं लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज (लेस्बियन स्त्रियांची कागदपत्रं जपणारा संग्रह) १९७४ साली सुरू झालं आणि कित्येक वर्षं एका घरातच होतं. म्हणजे सुरुवातीला इमारत लागत नाही, कपाट लागतं.

माझ्याकडे पत्रकं, पत्रं, फोटो असा एक खोका आहे. नागपुरात खरा वैरी कूलर! मे महिन्यात त्याची ओल कागदाला लागते आणि पावसाळ्यात वाळवी (लोकांची नजर चुकवून ठेवलेला खोका, तोही पलंगाखाली). टाचण्या आधी काढा, गंजतात. फोटोंच्या मागे पेन्सिलीने तारीख लिहा. नावं मात्र विचारूनच.