मदत हवी आहे: लांबलचक मेडिकल शब्दांत जोर कुठे द्यायचा?

नमस्कार मंडळी. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, बारावीपर्यंत मराठी माध्यम. मोठे शब्द फोडून अर्थ लावणं जमतं: 'हेपॅटो' म्हणजे यकृत, 'आयटिस' म्हणजे दाह, 'मेगली' म्हणजे आकार वाढणं. घोडं अडतं ते बोलताना. आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने म्हणतो. इंग्रजीत तसं केलं की व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोरचे कान टवकारतात.

डिक्शनरीत ऐकून गोंधळ वाढलाच. हिपॅटिकमध्ये जोर 'पॅ'वर, हेपटायटिसमध्ये 'टाय'वर, हेपटोमेगलीत 'मे'वर. मूळ एकच, मग जोर असा फिरतो का? आणि शब्दाचे भाग जिथे जुळतात, सिलेबलही (एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) तिथेच तुटतं का? कृपया व्हिडिओच्या लिंका नकोत, हॉस्टेलवर नेटची बोंब आहे.

प्रतिसाद: ताई, शब्दाची सुरुवात सोडा, शेवट बघा. 'इक' आणि 'शन' आले की जोर त्यांच्या लगेच आधी: हिपॅटिक, इन्फेक्शन. 'आयटिस' जोर स्वतःकडेच ओढतो. लॉजी, स्कपी, ग्रफी, टमी यांत शेवटून तिसऱ्या सिलेबलवर. कार-डि-ऑ-ल-जी, जोर 'ऑ'वर. अनीमियात 'नी'वर, तेही शेवटून तिसरंच. 'नेस', 'मेंट' मात्र गरीब बिचारे, मूळ शब्दाचा जोर हलवत नाहीत. अपवाद आहेतच: आर्सेनिक या विषाच्या नावात जोर पहिल्यावर.

जोर गेला की स्वर मरगळतो. हिपॅटिकमधला खणखणीत 'पॅ' हेपटायटिसमध्ये नुसता 'प' उरतो तो त्यामुळेच. मला विचाराल तर जोराइतकाच हा मरगळलेला स्वर घोटा, मराठी माणूस तिथेच ओळखू येतो.

प्रतिसाद: सिलेबल आणि शब्दाचे भाग जुळतीलच असं नाही. हेलिकॉप्टर घ्या. ग्रीक मुळं 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टर' म्हणजे पंख. पण तोंडाने आपण हे-लि-कॉप-टर असंच तोडतो. अर्थासाठी एक फोड, उच्चारासाठी दुसरी.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे! शेवटून मोजायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता लॅबोरेटरीचं काय? एक मॅडम जोर 'बॉ'वर देतात, दुसऱ्या 'लॅ'वर.

प्रतिसाद: दोन्ही बरोबर. पहिला ब्रिटिश, दुसरा अमेरिकन. व्हायवाला ज्या मॅडम असतील त्यांचा म्हणा. :)