चर्चा: मागे ओढून सोडायच्या गाड्यांची शर्यत – मोटर सीलबंद ठेवावी की मुलांना उघडू द्यावी?

अंत्रुजकर

चवथीच्या सुट्टीत देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या निवासात) किंवा वाचनालयाच्या सभागृहात ८ ते १३ वयाच्या मुलांची पुल-बॅक गाड्यांची शर्यत घ्यायची, गाडी मुलांनीच सुट्या भागांतून जोडायची. अशा शर्यतीला नियम कोणता असावा? माझं मत असं: सगळ्यांना एकाच बनावटीची मोटर द्यावी, तिचं कवच कुणी उघडू नये, बाकीच्या गाडीत वाटेल ते बदलू द्यावं.

कारण मोटर तीच असली तरी एक गाडी भिंत गाठते आणि दुसरी अर्ध्यावर मरते. हा फरक जोडणीतून येतो.

आधी मोटर काय करते ते सांगतो. आत सपाट पोलादी पट्टीची गुंडाळी असते, जुन्या घड्याळाच्या चावीत असते तशी. गाडी मागे ओढली की आतलं एक छोटं दातेरी चाक आपल्या खाचेत सरकून एका वाटेने स्प्रिंग भरतं. गाडी सोडली की ते बाजूला होतं आणि स्प्रिंग दुसऱ्या वाटेने चाकं फिरवते. भरतानाच्या वाटेत चाकांच्या थोड्या फेऱ्यांत स्प्रिंग पूर्ण भरते, सुटताना तीच स्प्रिंग कितीतरी जास्त फेऱ्या देते. म्हणून दोन वीत ओढलेली गाडी खोलीभर जाते. मात्र त्याचा हिशेब ओढतानाच चुकवावा लागतो: ओढताना टायरवर येणारा जोर सुटतानाच्या जोरापेक्षा बराच जास्त असतो. गाडी हलकी असेल किंवा टायरवर धूळ असेल, तर ओढताना टायर नुसतं घासत मागे येतं आणि स्प्रिंग अर्धीच भरते. मुलांना वाटतं मोटर कमजोर आहे. मागच्या चाकांच्या बरोबर वर तळवा दाबून ओढा आणि टायर आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, त्याच मोटरीत पूर्ण चावी भरते. टकटक आवाज आला की थांबायचं. तो आतल्या क्लचचा आवाज आहे, त्यापुढे ओढून काही साठत नाही.

दुसरं ठिकाण पुढचा अॅक्सल, म्हणजे चाकांची दांडी. लेगो टेक्निक पद्धतीच्या संचात मुलं बुश (दांडीवर बसणारं छोटं कडं) बीमला (भोकांच्या पट्टीला) अगदी चिकटवून दाबतात. चाक मग फिरतं, पण घासत फिरतं. बुश आणि बीममध्ये कागदाच्या दोन घड्यांएवढी फट हवी. गाडी उचलून पुढच्या चाकाला टिचकी मारा. दोन-तीन फेऱ्यांत थांबलं तर बुश सैल करा. भाग जोडायच्या पिनांचीही अशीच गल्लत होते. काळी पिन घट्ट बसण्यासाठी असते, फिकट करडी मोकळी फिरण्यासाठी. फिरत्या सांध्यात काळी बसली की गाडी तिथेच अडते.

तिसरं, सरळपणा. गाडी सुटतानाच १ अंश वाकडी असेल तर ५ मीटरवर ती जवळजवळ ९ सेंमी बाजूला जाते, आणि पुढचा अॅक्सल तिरका असेल तर ती वळतच राहते. दोन्ही बाजूंनी पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधलं अंतर पट्टीने मोजा. अर्ध्या मिलीमीटरचा फरकसुद्धा दिसतो.

एवढं सगळं मोटरीला हात न लावता शिकता येतं. मग ती उघडायची कशाला?

बार्देशकर

अंत्रुजकरबाब, जोडणीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मान्य. पण तुमच्या नियमात गाडीचा जीव असलेला भागच मुलांना परका राहतो. खाचेत सरकणारं चाक तुम्ही शब्दांत सांगितलंत. ते दहा वर्षांच्या मुलाने डोळ्यांनी पाहिलं की शब्दांची गरजच उरत नाही.

आणि उघडणं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. संचातल्या महागड्या मोटरी बंदच राहू द्या, त्यांचं कवच पुन्हा नीट बसत नाही. जत्रेच्या फेरीतल्या (तिथल्या दुकानांतल्या) साध्या गाडीची मोटर घ्या. ती बहुधा कवचाच्या चार आकड्यांवर (खटक्यांवर) नाहीतर दोन स्क्रूंवर उभी असते. क्रम असा:

गाडी उचलून चाकं थांबेपर्यंत फिरू द्या, म्हणजे चावी पूर्ण उतरते. ही पायरी कधीच गाळू नका. मग मोटर उंच काठाच्या ताटात ठेवा. आकडे चपट्या स्क्रूड्रायव्हरने एकेक सैल करा आणि कवचाचा वरचा अर्धा भाग सरळ वर उचला, तिरका नाही. तिरका उचलला की दातेरी चाकं त्याच्याबरोबर येतात. कशालाही हात लावायच्या आधी वरून फोटो काढा. स्प्रिंगची डबी जागची हलवू नका. डबीतून सुटली तर स्प्रिंग एकदम मोकळी होऊन उडते आणि तिची कड बोट कापते. चष्मा हवाच, आणि हे काम मोठ्या माणसाने करायचं, मुलांनी बघायचं. फक्त दातेरी चाकांवरचे केस आणि धागे चिमट्याने मुलांनी काढायचे.

मोटर बंद पडते ती बहुतेक वेळा त्या केसांमुळेच. चटईवर खेळलेल्या गाडीच्या अॅक्सलभोवती ते गुंडाळले जातात आणि हळूहळू आत शिरतात. समुद्राजवळच्या घरांत दुसरं कारण गंज. स्प्रिंग साध्या पोलादाची, वर तेलाचा पातळ हात असतो तेवढाच. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळाला की पट्टीचे वेढे एकमेकांना धरतात आणि गाडी हिसके देत चालते.

खोबरेल मात्र घालू नका. घरात हाताशी तेच असतं म्हणून सगळे तेच घालतात. काही महिन्यांत ते चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि दात्यांत लगदा होतो. गंज सोडवायचे फवारेही नकोत, त्यातल्या द्रावकांनी काही प्लास्टिकला तडे जातात. स्प्रिंगवर सिलिकॉन तेलाचा एक थेंब, अॅक्सलवर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी. बस.

सासष्टीकर

दोघेही तयार मोटर धरूनच बोलताय. माझा आग्रह रबरबँडच्या गाडीचा आहे. तीही मागे ओढूनच सोडायची गाडी, पण तिची शक्ती उघड्यावर असते. उघडणं, बंद ठेवणं हा वादच उरत नाही.

साहित्य: १५ बाय ८ सेंमी जाड पुठ्ठा, शीतपेयाच्या नळीचे दोन तुकडे, बांबूच्या दोन काड्या, बाटलीची चार झाकणं आणि एक रबरबँड. नळी ६ मिमी, काडी ३ मिमी घेतली तर काडी आत मोकळी फिरते. माडाच्या हिराचा अॅक्सल करायचा मोह होतो, पण हीर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतो. चाक डगमगतं. त्यापेक्षा सायकलचा जुना आरा चांगला, साधारण २ मिमी जाड आणि सरळ. फक्त नळी मग त्याच मापाने बारीक घ्या.

रबरबँडचं एक टोक पुढे बांधायचं. दुसरं मागच्या अॅक्सलवरच्या छोट्या आकड्यात नुसतं अडकवायचं, गाठ मारायची नाही. इथेच बहुतेक गाड्या फसतात. गाठ मारली की रबर सुटून झाल्यावर उलट गुंडाळायला लागतं आणि गाडीलाच ब्रेक लागतो. आकड्यात अडकवलेलं रबर काम झालं की गळून पडतं आणि गाडी वेगावर पुढे जात राहते. पुल-बॅक मोटरीतही स्प्रिंग संपली की दाते सुटतात ते याच कारणासाठी. इथे ते मुलाला समोर दिसतं.

अंत्रुजकर

सासष्टीकर, आकड्याची गोष्ट पटली. तयार मोटरीतली सुटणूक समजावायला याहून सोपं काही नाही. पण शर्यतीसाठी रबरबँड नको. एकाच पाकिटातली दोन रबरं सारखी ताणत नाहीत. उन्हात ठेवलेलं रबर आठवड्यात चिरतं, आणि ताणून ठेवलेलं रात्रीतून ढिलं पडतं. मग मूल हरतं ते रबरामुळे, जोडणीमुळे नाही, आणि ते त्याला कळतंसुद्धा. मुलांना हे फार लागतं.

बार्देशकरबाब, उघडलेली मोटर नेमकी याच कारणासाठी शर्यतीत नको. कवच पुन्हा दाबताना एक आकडा जरी तुटला तरी दोन अर्धे किंचित फाकतात, दातेरी चाकांमधलं अंतर वाढतं आणि जोर पडला की दाते घसरतात. बंद पडलेल्या दोन मोटरी वेगळ्या टेबलावर उघडून ठेवा, शर्यतीच्या आधी अर्धा तास सगळी मुलं त्या बघतील. हे मी आनंदाने मान्य करतो. शर्यत मात्र सीलबंद मोटरीवरच.

तिसवाडीची

तुम्ही सगळे मोटरीवर अडलात. निकाल जमीन ठरवते, तिच्याकडे कुणी बघितलंच नाही.

जुन्या घरांची लाल सिमेंटची जमीन दिसायला आरशासारखी, पण ओढताना टायर घासतात आणि चावी भरत नाही. पावसाळी दिवसांत तिच्यावर दमटपणाचा थर येतो तेव्हा तर विचारूच नका. मोझॅकच्या सांध्यांवर छोटं चाक उडतं आणि गाडी वळते. बल्कावाच्या, म्हणजे ओसरीच्या, बाहेर चिऱ्यांच्या अंगणात तर नकोच, लाल धूळ एका दुपारीत अॅक्सलच्या भोकांत भरते.

त्यापेक्षा मार्ग बांधा. ८ बाय ४ फुटांच्या तीन प्लाय लांबीला लांबी जोडल्या की ७.३ मीटर होतात. रुंदी १२२ सेंमी, म्हणजे ३० सेंमीच्या चार पट्ट्या. सांधे खालून पट्टी मारून सपाट करा आणि वरून चिकटटेप लावू नका, टेपच्या कडेवर गाडी उडी घेते. शेवटी भिंतीऐवजी दुमडलेली गोधडी ठेवा. समोरच्या धक्क्याने आधी पुढचा अॅक्सल वाकतो आणि मग ती गाडी पुन्हा कधी सरळ जात नाही.

आता चाकाचं माप. अंत्रुजकरांनी हे सोडूनच दिलं. ३० मिमी व्यासाचं चाक एका फेरीत ९४ मिमी जातं, ४३ मिमीचं १३५ मिमी. स्प्रिंग देते त्या फेऱ्या ठरलेल्या, म्हणून मोठं चाक लांब जाणार असं मुलं धरून चालतात. पण मोठं चाक तेवढंच अंतर मागे ओढलं तर कमी फेऱ्या फिरतं, म्हणजे चावीही कमी भरते. शिवाय मोठ्या चाकाच्या कडेला जोर कमी पोचतो, जड गाडी जागची हलायलाच वेळ लागतो. ‘सगळ्यांनी २५ सेंमी ओढायचं’ असा नियम केलात तर मोठ्या चाकाच्या गाडीवर अन्याय होईल. ‘टकटक होईपर्यंत ओढा’ हा नियम न्यायाचा.

पेडणेकर

एक सुरक्षेचं. घरात ३ वर्षांखालचं भावंड असेल तर बुश आणि पिना जमिनीवर राहता कामा नयेत. ३१.७ मिमी व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात पूर्ण मावणारा सुटा भाग लहान मुलांसाठी घशात अडकण्याचा धोका मानला जातो. संचातले बहुतेक भाग त्यात मावतात. मुलं पांढऱ्या चादरीवर बसवा, चादर चारी कोपऱ्यांनी उचलली की सगळं एकत्र येतं. आणि विकत घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. फेरीतल्या बऱ्याच गाड्यांवर ते नसतं, म्हणून बार्देशकरांच्या उघडायच्या मोटरीही चिन्ह असलेल्या खेळण्यातल्याच घ्याव्यात.

बार्देशकर

पेडणेकर, बरोबर. फेरीचा आग्रह सोडतो.

अंत्रुजकरबाब, टेबलावर उघडी मोटर ठेवून मी समाधानी नाही. दोन गट करा. ८ ते १० वयाला सीलबंद मोटर. ११ ते १३ वयाच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीत जुनी, अडलेली मोटर साफ करून चालती करायची आणि तीच पळवायची. दाते घसरत असतील तर का घसरतात हे शोधणं हाच त्यांचा डाव. तिथे पहिला नंबर अंतराला नको, आधीच्या आणि नंतरच्या अंतरातल्या फरकाला द्या. मग मोटरी सारख्या नसल्या तरी अन्याय होत नाही.

अंत्रुजकर

फरकाला नंबर देणं चांगलं आहे, मोठ्या गटासाठी घेऊ. तिसवाडीताई, टकटकीचा नियमही घेतो. मात्र वजनाची मर्यादा ठेवावी लागेल. ताकारा कंपनीच्या चोरो-क्यू या जपानी पुल-बॅक गाड्यांना मागे नाणं खोचायची खाच असते. नाणं घातलं की सुटताना पुढची चाकं उचलली जातात. आपली मुलंही हे लगेच शोधतील. मागच्या अॅक्सलवर एक रुपया, म्हणजे तीनेक-चारेक ग्रॅम, पकड वाढवतो. चार-पाच नाणी झाली की पुढची चाकं तरंगतात आणि गाडी दिशा सोडते. मी दोन नाण्यांची मर्यादा सुचवतो. प्रत्येकाला तीन फेऱ्या आणि तीन अंतरांतलं मधलं धरायचं.

सासष्टीकर

नाण्यांना मर्यादा नको. पाच नाण्यांनी गाडी का फिरली हे मुलाला तिसऱ्या फेरीपर्यंत कळू द्या, आणि मधलं अंतर धरायचंच असेल तर फेऱ्या तीनऐवजी पाच ठेवा. तीनांत एकदा चुकीचं वजन लावलं आणि एकदा गाडी कडेला आपटली की मधलं अंतरसुद्धा वाया गेलेलंच येतं.