खिम्याचे गोळे रश्श्यात फुटायलेत, लवकर सांगा

मांजराकाठ: काल दोनदा केले, दोन्हीदा तेच. गोळे रश्श्यात सोडले की पाच मिनिटांत पातेल्यात नुस्ता खिमा. उद्या सकाळी परत करायचेत. दादा आठ दिवस झाले पेजेवर आहेत, तोंडाला चव नाही, अन् परवा स्वतःहून म्हणाले, तुझी आई करायची तसे गोळे कर. आईनं कुठं लिहून ठेवलेलं नाही. खिमा एक नंबर आणलाय, त्यात खोट नाही. अंडं घाला म्हणू नका, घातलं होतं.

बीडबायपास: कशाचा खिमा? बोकडाचा की मोठ्याचा, म्हणजे म्हशीबिशीचा? कांदा कच्चा की तळलेला? रस्सा खळखळ उकळत होता का? काहीच सांगितलं नाही राव.

मांजराकाठ: बोकडाचा, अर्धा किलो. बाकी नेहमीसारखंच.

बीडबायपास: नेहमीसारखं म्हणजे तुमच्या घरी काय, ते आम्हाला कसं कळावं?

येसरवाली: रश्श्यात दोन चमचे येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं पीठ, कालवून लावा. रस्सा असा दाट येतो की गोळे फुटले तरी कुणाला कळत नाही.

बीडबायपास: ताई, फुटू नयेत म्हणून विचारायलाय तो.

औरंगपुरा: आमच्याकडं मोठ्याचाच खिमा. थोडी चरबी ठेवायला सांगतो, गोळा छान बसतो.

गावरान६५: मोठ्याचं बंद झालं ना?

औरंगपुरा: गाईवर बंदी १९७६ च्या कायद्यानं, बैल-वळू २०१५ पासून. म्हैस चालते. दर वेळी हेच सांगावं लागतं.

डॅलसकर: इथं बीफच्या खिम्याच्या पाकिटावर ८०/२० लिहिलेलं असतं, म्हणजे २० टक्के चरबी. बर्गरला बहुतेक जण तेच घेतात. ९०/१० घेतलं तर कोरडं पडतं. बोकडाच्या मांसात चरबी मुळात कमी, त्यात तुम्ही मांडीचा घेतला असेल तर बघा. बीफचा खिमा मात्र आतून ७१ सेल्सियसपर्यंत शिजलाच पाहिजे.

येसरवाली: डॅलसला येसर मिळतं का?

मांजराकाठ: मांडीचाच आहे. खाटकाला सांगून चरबी कणभर ठेवली नाही, महाग पडला. घरी आणून धुतला. रात्रभर कच्ची पपई लावली, दादांना दाढा नाहीत म्हणून.

बीडबायपास: हे आत्ता सांगायलास! पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं. अख्ख्या तुकड्यांना ठीक, खिमा आधीच बारीक, रात्रभरात लगदाच होणार. वर धुतल्यानं पाणी राहिलं. आता हा खिमा परतून पोळीबरोबर खाऊन टाक. नवीन आणताना मांस आधी धुवायचं, मग खिमा करून घ्यायचा, अर्धा किलोत शंभर ग्रॅम चरबी सोड म्हणायचं. घरी मीठ घालून हातानं मळ, मळ, बोटांना चिकटून तार सुटेस्तोवर. मिठानंच तो धरतो. कांदा तळून गार करून घाल. गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये. रस्सा मंद ठेव, चमचा लावू नको, पातेलं फडक्यानं धरून हलव.

औरंगपुरा: दोन चमचे डाळव्याचं पीठ पण घाल.

बीडबायपास: पीठ लागत नाही.

औरंगपुरा: शामी कबाबात हरभरा डाळ कशाला घालतात मग? अन् नान-कलिया, नान अन् मटणाचा रस्सा, कधी खाल्लाय का? मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी देवगिरीला आणली, त्याच्या फौजेचं जेवण म्हणतात ते.

गावरान६५: फौजेला खिम्याचे गोळे होते का पण?

मांजराकाठ: केले. डाळव्याचं पीठ घातलं, राग मानू नका. चौदातला एक फुटला, तो मीच उलथन्यानं ढोसला. दादांनी भाकरीच्या मऊ भागाबरोबर दोन खाल्ले. म्हणाले, तुझी आई कोथिंबीर जास्त घालायची.

येसरवाली: येसर घातलं होतं का?